त्यालाही दिसत नाहीये

आज मालिकांमधल्या उजेडाबद्दल बोलायचं आहे. मी तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस, कॅमेरा कधी हातात धरलेला नाही. पण एक साधा प्रयोग तुम्हीही घरी करून बघा. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करा आणि कुठलीही मालिका लावा. अर्ध्या मिनिटात तुम्ही सांगाल, ही घरगुती, ही भुताची, ही पोलिसांची. एक शब्द न ऐकता हे कळतं कसं? उजेड कसा पडलाय आणि कॅमेरा कुठे उभा आहे, यावरून.

2016 साली झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. कोकणातलं ते नाईकांचं घर रात्री अर्धंच दिसायचं. न दिसणाऱ्या अर्ध्यात काहीतरी दडलंय, असं तो अंधार सांगत असे. कथाप्रकार म्हणजे तरी काय? प्रेक्षकाला दिलेला शब्द. आणि तो शब्द संवादाच्या आधी उजेड देतो.

आता दुसरं टोक बघा. 2000 साली स्टार प्लसवर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ आली आणि त्या वळणाच्या मालिकांची रांग लागली. घर लख्ख, कोपऱ्यातही सावली नाही. यामागे व्यवहार आहे, तो आधी मान्य करू. रोज एक भाग द्यायचा, दोन-तीन कॅमेरे एकदम चालू. प्रत्येक शॉटसाठी दिवे हलवायला वेळ कुठला? म्हणून सगळ्या कोनांतून चालेल असा सपाट उजेड. मग सावलीचं काम झूमवर येऊन पडतं. एकाच चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा धाडकन जातो, वर ढगांचा गडगडाट. दोष कोणाचा, हे आपल्याआधी कॅमेऱ्यानं ठरवलेलं असतं. माझी तक्रार भडकपणाची नाही. निवाडा करण्याचं आपलं काम तिथे काढून घेतलं जातं, ही तक्रार आहे.

आणि इथे मला ‘तमस’ आठवते. भीष्म साहनींची कादंबरी, फाळणीच्या सुमाराचा पंजाब. गोविंद निहलानींनी ती 1988 मध्ये दूरदर्शनवर आणली. निहलानी मुळात कॅमेऱ्याचे माणूस, ‘अंकुर’चं छायाचित्रण त्यांचंच. सुरुवात आठवा. बंद खोपटं, मिणमिणता उजेड, घामाघूम झालेला नत्थू, म्हणजे ओम पुरी, आणि समोर डुक्कर. ठेकेदारानं ते मारायला सांगितलंय. कॅमेरा इतका जवळ, की बाहेरचं जग उरतच नाही. ही सगळी भयकथेची सामग्री आहे.

पण भयकथेत पहाट झाली की सुटका होते. इथे उलट आहे. सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडतं आणि खरं भय उजाडल्यावर सुरू होतं. रात्रीचा अंधार फक्त एका गरीब माणसाची फसवणूक झाकत होता. माणसं एकमेकांवर उठतात ती भर उजेडात. भयकथेचा शब्द देऊन निहलानी तो मोडतात, आणि त्या मोडण्यातच त्यांचं म्हणणं आहे.

सांख्यांच्या भाषेत तम म्हणजे दुष्टपणा नव्हे. तम जड असतो, तो झाकतो. नत्थू दुष्ट नाही, झाकला गेलेला आहे. पुढे काही प्रसंग, विशेषतः पुढाऱ्यांच्या चर्चा, नाटकासारखे होतात हे खरं. पण खोपट्यातला तो अंधार सबंध मालिकाभर आपल्याला सोडत नाही.

तेव्हा आमच्याकडे कृष्णधवल संच होता. त्यावर ते दृश्य जवळजवळ काळंच दिसत होतं. मी उठून उजेडाचं बटण पिळायला लागलो. आई म्हणाली, “राहू दे रे, त्यालाही दिसत नाहीये.”

मी अनेक वर्षं ज्ञानमीमांसा शिकवली. न दिसणाऱ्या माणसाशेजारी न बघता बसणं, हे मात्र मला त्या दिवशी आईनं शिकवलं. आज बहुतेक मालिका आपल्यासाठी ते बटण आधीच पूर्ण फिरवून ठेवतात. सगळं दिसतं, आणि कोणाबद्दल थांबून विचार करावा असं काही उरत नाही.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.