हात लावू नकोस!

येरुशलाईमचे इस्राएल म्युझियम १९६५ साली उघडले आणि १९६६ मध्ये तिथे मुलांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. एवढी तत्परता मोठ्या संस्थांत क्वचितच दिसते. या विभागात दरवर्षी एक विषय धरून मोठे प्रदर्शन भरते. नामवंत कलाकारांची अस्सल कामे आणि मुलांच्या हातांना उद्योग, दोन्ही तिथे मिळते. टाकाऊ वस्तूंच्या खोलीत नातवंडे रमतात. चित्रांच्या पुस्तकांचे ग्रंथालय तर आम्हा सबा-सबतांसाठीच केले असावे: हिब्रू अडली तरी चित्र अडत नाही.

आमचे म्हणणे वेगळेच आहे. याच म्युझियममध्ये कोचीनचे कडवुंभागम सिनेगॉग आतून पुन्हा उभारले आहे (हेखाल मात्र परूरचे). कोचीनच्या शिक्षकांनी कोकणात येऊन आपल्या वाडवडिलांना विधी शिकवले, म्हणून ते कोरीव लाकडी छत पाहताना आमचा ऊर भरून येतो. सहा वर्षांच्या नातवाला मात्र तिथे एकच वाक्य ऐकू येते: हात लावू नकोस. जुन्या लाकडाला हात लावू देऊ नये, हे बरोबरच. पण त्याच नक्षीचा नवा तुकडा शेजारी बोटे फिरवायला हवा. मलिदा आपण पोरांना दुरून दाखवून शिकवला का? पोहे कालवायलाच बसवले ना!

नातवंडांना घेऊन जाल तेव्हा सिनेगॉग आधी पाहा. मुलांच्या विभागात एकदा शिरली की ती लवकर बाहेर येत नाहीत.