तुंबाडची भीती

'बाईपण भारी देवा' (2023) पाहून आम्ही सगळ्या हसत-रडत घरी आलो. सहा बहिणींचे रुसवे अगदी खरे. मंगळागौरीच्या स्पर्धेपायी सुटतात मात्र जरा पटकनच, नाही का गं?

'तुंबाड' असं सुखासुखी सोडत नाही. राही अनिल बर्वेंचा 2018 चा हा भयपट 2024 मध्ये पुन्हा लागला, तेव्हा लेकाबरोबर पाहिला. हस्तरची मला भीती नाही वाटली. कणकेच्या एका बाहुलीऐवजी पुष्कळ नेऊ, हे विनायकच्या पोराला सुचतं, तिथे काटा आला. अपरिग्रहाची प्रवचनं ऐकणारी आपली घरं, पण पोरं बघतात बापाकडे. शेवटी तोच पोरगा सोनं नाकारतो. तो नकार फार थोडक्यात उरकलाय.

येताना लेकाला विचारलं, काय आवडलं?

"पुष्कळ बाहुल्यांची आयडिया," म्हणाला.