रंगाखालचं लाकूड

सावंतवाडीच्या चितार आळीत दुकानाबाहेर मांडलेल्या करंडीतली फळं पाहिली की हात लावल्याशिवाय पाय पुढे निघत नाही. आंब्याच्या देठाजवळची लाली पिवळ्यात कुठे विरते, सीताफळाच्या डोळ्यांमधली पांढुरकी रेघ किती बारीक असते, हे सगळं त्या रंगकामात नेमकं उतरलेलं असतं. मी या रंगकामाचा चाहता आहे, आणि पुढची तक्रार त्या कौतुकासकट वाचली जावी अशी माझी इच्छा आहे. तक्रार अशी की, या फळांना लाकडाची गरजच उरलेली नाही. तोच आंबा मातीचा किंवा कागदाच्या लगद्याचा केला आणि त्याच हाताने रंगवला, तर कपाटाच्या काचेआड फरक कळणार नाही. उचलून पाहिला तर वजनावरून कळेल, एवढंच.

लाकडी हस्तकलेची स्थिती कशी आहे, असं विचारलं की आपण कारागीर किती उरले, नवी पिढी येते का, माल खपतो का, याची चौकशी करतो. ती करायलाच हवी. पण त्याआधीचा प्रश्न राहून जातो: ही वस्तू कोणत्या झाडाची? साडी घेताना सूत विचारणारा, तांदूळ घेताना जात विचारणारा मराठी माणूस लाकडी डबी घेताना झाडाचं नाव विचारत नाही. विचारलं तरी ‘लाकूड आहे, टिकेल’ यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही. आपल्याकडच्या या कलेचं दुखणं मला इथे दिसतं.

सावंतवाडीपुरतं बोलायचं तर याला इतिहास आहे. इथला चितारी समाज मुळात चित्रं काढणारा. पाट, चौरंग, पाळणे, देव्हारे, मखरं रंगवणं हे त्यांचं काम, आणि गोव्यात कुंकळ्ळीचे चितारीही हेच करत आले. लाकूड ही त्यांच्यासाठी चित्राची जमीन होती. इथल्या राजघराण्याच्या, सावंत-भोसल्यांच्या, आश्रयाने अठराव्या शतकात या कामाला बहर आला आणि हाताने रंगवलेल्या पत्त्यांची गंजिफा त्याचा कळस ठरली. दशावतारी गंजिफाचा डाव 120 पानांचा: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं. विसाव्या शतकाच्या मध्याला ही कला जवळजवळ बुडाली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती शिकून घेतली, कारागिरांना राजवाड्यातच जागा दिली, म्हणून ती आज आपल्यापर्यंत पोचली. या पानांवर बरंच लिहिलं गेलं आहे. ती पानं ज्या पेटीत राहतात तिच्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही.

गंजिफाची जुन्या धर्तीची पेटी लांबट असते आणि झाकण खाचेतून सरकतं. चारी बाजूंनी ती रंगवलेली असते आणि सगळ्यांची नजर त्या रंगावरच जाते. पण झाकण एकदा सरकवून बघावं. कोकणातल्या जुलैमध्ये, हवा ओली गच्च असताना ते अडकता कामा नये आणि मे महिन्यात खुळखुळताही कामा नये. ही करामत सुताराची आहे. फळी कुठल्या झाडाची, किती मुरलेली, रेषा लांबीला धरून आहेत की आडव्या, खाचेत किती जागा मोकळी सोडली, हे सगळं त्या एका सरकण्यात असतं. प्रदर्शनात अशा पेटीशेजारी रंगवणाऱ्याचं नाव असतं. ते असावंच. पेटी करणाऱ्याचंही असायला हवं.

तेलरंगांआधीचं लाखेचं काम या फळांच्या रंगकामापेक्षा लाकडाच्या जास्त जवळचं होतं. लेथवर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घर्षणाने लाकूड तापतं, लाख वितळते आणि पातळ थरात पसरते. मग केवड्याचं सुकं पान तिच्यावर दाबून धरायचं. पान फिरत्या लाकडावर घासत जातं, लाखेचे ओघळ सपाट होतात आणि बघता बघता पृष्ठभागाला चकाकी येते. कुंचला नाही, वाळवत ठेवणं नाही. थर पातळ असल्याने कातलेल्या वस्तूची गोलाई, तिच्या कडा, कारागिराच्या हाताचा दाब हे सगळं शाबूत राहतं. ही पद्धत फक्त गोल कातलेल्या वस्तूला चालते, हे मान्य. सीताफळावर लाखेची कांडी फिरवता येत नाही. तेलरंग आले तेव्हा ते केवळ स्वस्त म्हणून आले नाहीत. त्यांनी कोरीव आकारांची वाट मोकळी केली, हेही खरं. पण त्या रंगांचा जाड, घट्ट थर एकदा बसला की खालचं लाकूड कसंही असलं तरी चालतं. आणि जे कसंही चालतं, ते कसंही येऊ लागतं.

पूर्वी सावंतवाडीच्या या लाकडी फळांना आणि खेळण्यांना पांगारा वापरत. पांढरट, हलका, मऊ आणि सुरीला सहज वश होणारा. मुलाच्या पायावर पडला तरी इजा होणार नाही असा. वसंतात लालभडक फुलणारा हा पांगारा कोकणात कुंपणाला असे, मिरीच्या वेलाला आधार म्हणून असे. पावसाच्या तोंडावर जाड फांदी जमिनीत रोवली की ती जीव धरायची. कुंपणं चिऱ्याची झाली, खांब सिमेंटचे आले आणि पांगारा मुद्दाम लावण्याचं कारणच संपत गेलं. त्यात भर म्हणून, त्याच्या पानांवर आणि कोंबांवर गाठी आणणारी एक अगदी बारीक गांधीलमाशी 2004 मध्ये शास्त्रज्ञांनी प्रथम नोंदवली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ती दक्षिण भारतातही दिसली. आज कारागिराच्या हाती बहुतेक आंबा येतो. आंबा वाईट नाही, पण तोडल्यावर लगेच चिरून वाळवला नाही तर त्यावर काळे-निळे डाग चढतात आणि भुंगा लागतो. डाग रंगाखाली जातो. भुंगा नंतर पीठ पाडतो.

यात कारागिराचा दोष फार थोडा. राज्याच्या वृक्षतोड नियमनाच्या 1964 च्या कायद्यात आंबा, फणस, साग, खैर ही झाडं अनुसूचित आहेत. आपल्या स्वतःच्या आवारातली तोडायची तरी परवानगी लागते. कायदा हवाच, तो नसता तर सह्याद्री आणखी उघडा पडला असता. पण वर्षाला चार-दोन ओंडके लागणाऱ्या माणसाने परवानगी, वाहतुकीचा पास आणि वखारवाला यांच्यामागे कुठवर धावावं? तो वखारीतून मिळेल ते उचलतो. झाड निवडण्याचा हक्क त्याच्या हातून असा गेला, आणि लाकडी कामात निम्मी कला निवडण्यातच असते.

शेजारी काय चाललंय तेही पाहायला हवं. कर्नाटकातलं चन्नपट्टण आणि आंध्रातलं एटिकोप्पाका ही लाखकामाची दोन मोठी गावं. चन्नपट्टणला 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, एटिकोप्पाकाला 2017 मध्ये. एटिकोप्पाकात सी. व्ही. राजू यांनी हळद, नीळ, सिंदुरी अशा वनस्पतीज रंगांची लाख पुन्हा रुजवली आणि 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. या दोन्ही गावांची ओळख एकाच झाडाशी बांधलेली आहे. चन्नपट्टणचे लोक त्याला आले मर म्हणतात, एटिकोप्पाकाचे अंकुडू. लाकूड पांढरं, बारीक पोताचं, लाख छान धरणारं. हे झाड म्हणजे आपला काळा कुडा. सह्याद्रीच्या उतारांवर, माळरानांवर तो उभा आहे आणि आपल्याला तो काढ्यापुरता ठाऊक आहे. चन्नपट्टणातही लाकडाची चणचण आहे, तिथेही रासायनिक रंग शिरले आहेत. तिथलं सगळं आलबेल आहे असं नाही. फरक इतकाच की झाड कमी पडू लागलं, हे तिथल्या कारागिराला नावानिशी कळतं.

डबीकडे वळतो, कारण लाकडाची खरी परीक्षा तिथे होते. कुंकवाचा करंडा किंवा फणेरपेटीतली छोटी डबी ही एका ठोकळ्यातून कातायची वस्तू. वरचा भाग झाकणासाठी कापून घ्यायचा, खालचा पोखरायचा, मग झाकणाचा ओठ इतका बेताचा ठेवायचा की ते बसताना हलकासा ‘फक्’ आवाज यावा. आता अडचण अशी की लाकूड वाळताना सगळ्या दिशांना सारखं आकसत नाही. वर्तुळांच्या कडेकडेने ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्यापासून सालीकडे आकसतं. म्हणजे ओल्या ठोकळ्यातून कितीही अचूक गोल डबी काढा, ती वाळेपर्यंत लंबगोल होणार. म्हणून जाणता कातारी डबी दोनदा कातायचा. आधी जाड भिंतींची, ओबडधोबड. ती सावलीत, वाऱ्याला काही महिने ठेवायची आणि आकसायचं ते आकसून झाल्यावर पुन्हा लेथवर चढवून शेवटचा हात मारायचा. लाकडांत शिवण या कामाला फार चांगली. फिकट पिवळी, हलकी, वाळल्यावर आकार धरून राहणारी.

आजच्या डब्यांमध्ये हे ‘काही महिने’ सापडत नाहीत. हंगाम पर्यटकांचा, मागणी दिवाळीच्या भेटींची, ऑर्डर महिन्याभरात हवी. ओलसर लाकूड कातलं जातं, रंगाने बंद केलं जातं आणि पुण्याच्या किंवा नागपूरच्या कोरड्या हवेत गेलं की झाकण तरी अडकतं, नाहीतर बुडाशी चीर पडते. घेणाऱ्याला वाटतं, लाकूड म्हटलं की असंच व्हायचं. पुढच्या वेळी तो स्टीलची डबी घेतो. लाकडावरचा विश्वास उडण्याचं नुकसान हिशेबात दिसत नाही, पण माझ्या मते ते प्लास्टिकच्या स्पर्धेहून मोठं आहे.

दागिन्यांची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. शहरांतल्या प्रदर्शनांत ‘लाकडी दागिने’ म्हणून जी कानातली मिळतात त्यांतली पुष्कळशी लेझरने कापलेल्या एमडीएफची असतात. एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा-तंतू, राळेने चिकटवून दाबलेला तक्ता. त्याला रेषा नाही, जात नाही. वर वारलीतल्या आकृत्या किंवा नथीचं चित्र छापलं की तो ‘हस्तकला’ म्हणून विकला जातो. कल्पकता कुणी दाखवावी, स्वस्त वस्तू कुणी विकाव्यात, याला माझी हरकत नाही. पण त्याला हाताने घडवलेलं लाकूड म्हणणं ही फसवणूक आहे आणि हस्तकलेची प्रदर्शनं भरवणाऱ्या संस्थांनी ती दारातच अडवली पाहिजे.

आणि खरा लाकडी दागिना तर आपल्याकडे लाखो गळ्यांत आहे. तुळशीची माळ. पंढरपुरात काशीकापडी समाजाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ती घडवत आली आहेत. तुळशीच्या बोटाएवढ्याही जाड नसलेल्या काड्या तोडायच्या, सोलायच्या, एकेका मण्याला भोक पाडायचं, घासून गोल करायचं आणि 108 मणी ओवायचे. इतक्या बारीक, ठिसूळ काडीला मधोमध भोक पाडताना ती उभी फाटते. न फाटता पाडणं हेच कसब. नव्या माळेचा मणी फिकट, कोरडा असतो. वर्षानुवर्षं गळ्यात राहून, घाम-तेल पिऊन तो तांबूस आणि गुळगुळीत होतो. कुठलाही रंग नाही, लाख नाही. वारकरी ही माळ घेताना पहिला प्रश्न विचारतो: तुळशीचीच ना? दुसऱ्या लाकडाचे मणी मिसळून विकणारे आहेत आणि म्हणूनच घेणारा नीट पारखून घेतो. भक्तीमुळे का होईना, झाडाचं नाव विचारणारं गिऱ्हाईक इथे टिकलं. कलेच्या चर्चेत या माळेला कुणी दागिना म्हणून धरत नाही, याचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे.

झाडाचं नाव विचारण्याची ही सवय निर्यातदारांनाही लागली, पण ती कायद्यामुळे. शिसव-शिशमाच्या साऱ्या कुळावर 2017 पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आले. झाड कोणतं, कुठून आलं, हे कागदावर दाखवल्याशिवाय माल बाहेर जाईना. हस्तकला निर्यात परिषदेला त्यासाठी ‘वृक्ष’ नावाची प्रमाणपत्रं द्यावी लागली. परदेशी घराच्या टेबलावर जाणाऱ्या पेटीचं झाड नोंदलं गेलं, मराठी घरात येणाऱ्या पेटीचं नाही.

सरकारी पातळीवर मदत झालीच नाही असं नाही. खेळण्यांसाठी गुणवत्तेचा नियम 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचा झाला तेव्हा नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना त्यातून सूट मिळाली. नाहीतर प्रयोगशाळेच्या खर्चातच चितार आळी बंद झाली असती. सावंतवाडीच्या गंजिफाला आणि लाकडी कामालाही अलीकडे मानांकन मिळालं. पण मानांकन गावाच्या नावाचं रक्षण करतं. वखारीतून येणाऱ्या ओंडक्यावर त्याचा काही इलाज नाही.

इलाज फार दूरचा नाही. दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरांवर रबराच्या बागा उभ्या राहू शकल्या, तर बांधाच्या कडेने शिवण आणि पांगारा का नाही? पांगाऱ्याला रोपसुद्धा लागत नाही, फांदी पुरते. शिवण आठ-दहा वर्षांत डबीपुरती जाड होते. वनखात्याच्या आगारांत लिलाव मोठ्या लॉटचे होतात, ते घेणं एकट्या कारागिराच्या ऐपतीबाहेरचं. त्यांतली हातभर लांबीची, कमी जाडीची लाकडं वेगळी काढून कारागिरांच्या संस्थेला ठरल्या भावाने द्यावीत. ती वाळवायला गावात एक सामाईक, हवेशीर छप्पर हवं, जिथे प्रत्येक ओंडक्यावर झाडाचं नाव आणि चिरल्याचा महिना खडूने लिहिलेला असेल. तेच नाव पुढे डबीच्या बुडाशी कोरायला कातारीला अर्धा मिनिटही लागणार नाही.