आवडती बिअर आणि बेसमेंटमधला वाद

जेवणं उरकली की आमच्या बेसमेंटमध्ये ठरलेला वाद सुरू होतो: सर्वांत चांगली बिअर कोणती? एक मित्र किंगफिशरवर अडून बसतो, दुसरा सिएरा नेवाडा पेल एलवर. माझं मत पहिल्यापासून सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर स्टीमला.

कारण सांगतो. लागरचं यीस्ट थंडीत काम करणारं. एकोणिसाव्या शतकातल्या कॅलिफोर्नियात बर्फाची टंचाई. म्हणून तिथल्या लोकांनी ते उबदार हवेतच, उथळ पसरट भांड्यांत वापरलं. निघाली ती तडजोडच, पण चव पाहा: भाजक्या माल्टचा गोडवा, फळाची किंचित झाक, शेवटी बेताचा कडूपणा. सिएरा नेवाडात कॅस्केड हॉप्सचा ग्रेपफ्रूटसारखा वास आधी अंगावर येतो. बिअर उत्तम, पण पहिल्या घोटातच सगळं सांगून टाकते. (ग्लास फ्रीझरमध्ये ठेवणाऱ्या यजमानांकडे हा फरक शोधू नये, तिथे जीभच बधिर होते.) किंगफिशरवाल्याशी मी भांडत नाही. त्याच्या ग्लासात हॉस्टेलचा मे महिना असतो, त्यावर टीका कशी करणार?

१८९६ पासूनची ही अँकर २०१७ मध्ये सापोरोने घेतली आणि जुलै २०२३ मध्ये ती बंद होत असल्याचं जाहीर झालं. पुढच्या वर्षी तिला नवे मालक मिळाले, ते नंतर. बातमी वाचली त्या संध्याकाळी मी फ्रिज उघडला. आत किंगफिशर आणि सिएरा नेवाडा, पाहुण्यांना चालतात म्हणून आणलेल्या. पंधरा वर्षं मी अँकरची वकिली केली. तिचा शेवटचा सिक्स-पॅक कधी विकत घेतला, ते काही आठवेना.