काळी आई आणि काळी जमीन

ग्रामीण वाङ्मयाची चर्चा निघाली, कीं 'काळी आई' हा शब्दप्रयोग हटकून पुढें येतो. आम्हींही वर्गांत व व्याख्यानांत तो अनेकदां वापरला आहे. परंतु मागें एकदां कृष्णाकांठच्या ऊंसपट्ट्यांतून आलेल्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, आमची काळी आतां पांढरी पडली, तिला काय म्हणावयाचें?" गांवाकडे 'काळी' म्हणजे पिकाची जमीन व 'पांढरी' म्हणजे वस्तीची, त्यामुळें वर्ग हंसला. आम्हांस मात्र उत्तर सुचलें नाहीं.

मातीला आई म्हणण्यांत कृतज्ञता आहे, हें कोण नाकबूल करील? परंतु आई म्हटली, कीं तिची जात, तिचा स्वभाव, तिचें दुखणें यांविषयीं विचारणेंच खुंटतें. शेतकऱ्याच्या तोंडीं मात्र माती एक नाहीं. तांबडी, बरड, मुरमाड, मळईची, खारवट, चोपण अशीं नांवें तो पारखून देतो, आणि प्रत्येक नांवामागें कामाची निराळी रीत असते. सोलापुराकडील खोल काळी जमीन घ्या. पाऊस पडला कीं ती फुगते, चिकट होते व औत चालूं देत नाहीं. वाळली कीं आकसते आणि तिला खोल भेगा पडतात. या दोहोंमधली, ना फार ओली ना फार कोरडी, अशी जी थोडक्या दिवसांची अवस्था, तिला 'वाफसा' म्हणतात. तो साधला तर कुळव चालतो. चुकला तर ढेकळें हातीं येतात. म्हणूनच तेथील पुष्कळ शेतकरी पावसाळाभर रान मोकळें ठेवून मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी घेत आले. या एका शब्दांत जेवढें निरीक्षण आहे, तेवढें आमच्या कित्येक ग्रामीण कथांच्या पानभर वर्णनांत सांपडत नाहीं.

या दृष्टीनें जोतीराव फुले यांचा 1883 सालचा 'शेतकऱ्याचा असूड' पुन्हां वाचण्याजोगा आहे. आपण त्याच्या आवेशाचीच चर्चा करतों. परंतु त्यांतील मातीविषयींचा विचार विलक्षण थंड डोक्याचा आहे. डोंगरावरील पालापाचोळ्याचें सत्त्व पुराबरोबर वायां जाऊं नये व पाणी शेतांत मुरावें म्हणून ताली-बंधारे घालावेत, तलावां-नाल्यांतील गाळ शेतकऱ्यांस फुकट नेऊं द्यावा, असें फुले सांगतात. येथें माती देवता नाहीं. ती झिजते, वाहून जाते, आणि राखली तर राहते.

कोणी म्हणेल, मग बहिणाबाई चौधरी यांनीं धरित्रीला कूस दिली, ती खोटी काय? मुळींच नाहीं. 1952 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गाण्यांत पेरणी आहे, कापणी आहे, रगडणी आहे, उपणणीही आहे. तेथें ती उपमा कष्टानें कमावलेली आहे. आमचा आक्षेप उपमेवर नसून तिच्या आयत्या वापरावर आहे.

कारण या आयतेपणाचें मोल शेतकऱ्यास द्यावें लागतें. निचरा नसतां अतोनात पाणी दिलें, कीं भूजल वर येतें, त्याबरोबर क्षार येतात, व रानावर पांढरा थर धरतो. सोडियम वाढला तर जमीन चोपण होते. मग तिच्यांत पाणी मुरतही नाहीं. निचऱ्याचे चर काढणें, गोड्या पाण्यानें क्षार धुणें, चोपण जमिनीस जिप्सम व धैंच्याचें हिरवळीचें खत देणें, असे उपाय आहेत. परंतु ते खर्चाचे आहेत, आणि चराचें पाणी शेजाऱ्याच्या रानांतून पुढें न्यावयाचें असल्यानें एकट्याच्या हातचे नव्हेत. अशा जमिनीला नुसती आई म्हणून थांबलें, तर नापिकीचा दोष कुणाकडे जातो? मुलाच्या नशिबाकडे, नाहीं तर त्याच्या आळसाकडे. पाट, पाणी आणि निचरा यांची चौकशी टळते.

ग्रामीण लेखकानें मृद्शास्त्राचा ग्रंथ लिहावा, असें आमचें म्हणणें नाहीं. आपल्या पात्राच्या पायाखालीं कोणती माती आहे, एवढें त्यानें ओळखावें. मग त्या पात्राचें कर्ज, भांडण व रुसवाही अधिक खरा उतरेल. त्या विद्यार्थ्यास आम्ही त्या दिवशीं उत्तर देऊं शकलों नाहीं. आज इतकेंच सांगतों, कीं तुझ्या घरीं तिला जें म्हणतात, तेंच लिही.