'एकच प्याला' आणि भगीरथाचे काम

गेल्या उपवासकाळात नांदेड येथे आमच्या वाचनमंडळाने राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक चार-पाच संध्याकाळी मिळून मोठ्याने वाचून काढले. वाचणारे दहा-बारा जण: एक निवृत्त शिक्षक, दोन परिचारिका, महाविद्यालयात जाणारी काही मुले, आणि मागच्या बाकावर बसणारे एक रिक्षाचालक गृहस्थ. हे गृहस्थ पूर्वी अट्टल मद्यपी होते. आज अकरा वर्षे त्यांनी दारूला स्पर्श केलेला नाही, आणि ही गोष्ट ते स्वतःच सर्वांना सांगतात. सुधाकर आपला निश्चय मोडून पुन्हा प्याला उचलतो तो प्रवेश वाचून झाला तेव्हा खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही. मग हे गृहस्थ म्हणाले, "फादर, तो भगीरथ सुटला ना दारूतून? मग तो सुधाकराकडे का जात नाही?"

मजजवळ उत्तर नव्हते. सेमिनरीत असताना मी हे नाटक गडकऱ्यांच्या भाषावैभवासाठी वाचले होते. पुढे प्रवचनांतून सिंधूच्या सहनशीलतेचा दाखला अनेकदा दिला होता. परंतु हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर होय.

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांनी त्या काळच्या प्रेक्षकांना रडविले. कथानक वाचकांना ठाऊक आहेच. बुद्धिमान पण मानी वकील सुधाकर न्यायालयातील खटक्यानंतर सनद काही काळ गमावतो. त्याचा कारकून तळीराम दुःखावरचा उतारा म्हणून त्याच्या हाती पहिला प्याला देतो. आणि तेथून एका घराचा विध्वंस सुरू होतो.

या नाटकाला मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणून बाजूला ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला वाटते, त्यात गडकऱ्यांच्या निरीक्षणावर अन्याय होतो. व्यसन ही एकट्याची गोष्ट नसते हे त्यांनी अचूक हेरले होते. तळीराम नुसता प्याला देत नाही, तो मंडळ चालवितो. 'आर्य मदिरा मंडळा'तील प्रवेश आपण विनोदी म्हणून हसून सोडून देतो. परंतु सुधाकराच्या बाजूने ते वाचून पाहावेत. या मंडळात त्याला कोणी जाब विचारीत नाही, कोणी उपदेश करीत नाही, त्याच्या पडलेल्या प्रतिष्ठेकडे कोणी बोट दाखवीत नाही. अपमानित माणसाला जे हवे असते ते सारे तेथे मिळते. दारू त्याबरोबर येते.

आता सुधाकराच्या निश्चयाचा काळ पाहावा. तो दारू सोडतो ती मनापासून सोडतो. काम मागावयास निघतो आणि प्रतिष्ठितांच्या दारी त्याला मिळतो तो अपमान. पूर्वी त्याची विद्वत्ता मानणारा समाज आता त्याला केवळ दारुड्या म्हणून ओळखतो. घरी सिंधू दळण दळून संसार चालवीत असते. तिचे प्रेम अपार आहे, पण तिच्यासमोर उभे राहिले की सुधाकराला आपला गुन्हाच अधिक दिसतो. रामलाल मित्र खरा, परंतु तो काठावर उभा राहून हाका मारणारा मित्र आहे. पद्माकराचा संताप समजण्यासारखा आहे, पण संतापाने कोणाचा हात धरता येत नाही. पिण्यासाठी सुधाकराला मंडळ होते. न पिण्यासाठी त्याच्याजवळ एकही माणूस नाही. तो पुन्हा प्याल्याकडे वळतो तो इच्छाशक्ती दुबळी म्हणून, असे आपण मुलांना शिकवितो. नाटकाची संहिता मात्र दुसरेच काही दाखविते.

आणि याच नाटकात भगीरथ आहे. प्रेमभंगामुळे दारूकडे वळलेला, मदिरा मंडळाचा एके काळचा सभासद, आणि रामलालच्या संगतीने त्यातून बाहेर पडलेला. सुधाकराला ज्याचे बोलणे पटले असते असा नाटकातील हा एकमेव पुरुष. परंतु गडकरी त्याच्या कथेचा ओघ शरद आणि रामलाल यांच्याकडे वळवितात. सुधाकराच्या कसोटीच्या दिवसांत भगीरथाला त्याच्या शेजारी बसविणे त्यांना सुचलेले नाही. याचा दोष नाटककाराला देणे योग्य होणार नाही. त्यांना पहिला प्याला रोखावयाचा होता. शेवटच्या प्याल्यानंतर माणूस कसा जगतो हा त्यांचा विषय नव्हता. शोकांतिकेला लागणारी अटळता त्यांनी निवडली आणि ती कलादृष्ट्या पेलून दाखविली. शिवाय सुटलेल्या मद्यप्याने दुसऱ्या मद्यप्याकडे जावे, या कल्पनेला तेव्हा व्यवस्थित रूप आलेले नव्हते.

ते रूप आले नाटकानंतर सोळा वर्षांनी, अमेरिकेतील ॲक्रन या गावी. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअरबाजारातील माणूस तेथे व्यवहारासाठी आला होता. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते. व्यवहार फसला. खिशात पैसे नाहीत, मनात पराभव, आणि हॉटेलच्या दिवाणखान्याच्या एका बाजूला मद्यगृह. सुधाकराचाच हा प्रवेश. फरक एवढाच की विल्सन टेलिफोनकडे वळला. चर्चच्या यादीतून एका पाळकाला गाठून त्याने ओळखी मिळविल्या आणि त्यांतून डॉ. बॉब स्मिथ या मद्यपी शस्त्रवैद्याची भेट झाली. पंधरा मिनिटांसाठी ठरलेली ती भेट सहा तास चालली. विल्सनने उपदेश केला नाही, स्वतःची कहाणी सांगितली. आणि ती सांगताना तो स्वतःही वाचला. पुढे डॉ. बॉब एकदा घसरले. पण त्या वेळी विल्सन त्यांच्याच घरी राहत होता. १० जून १९३५ रोजी डॉ. बॉब यांनी अखेरचा घोट घेतला, आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'चा स्थापनादिन मानला जातो. या साऱ्यात पाळकाचा वाटा ओळख करून देण्यापुरता होता, हे आम्हा धर्मगुरूंनी विसरू नये.

ही चळवळ १९५७ साली मुंबईत पोहोचली. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्याला 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. आपण स्वतः या व्यसनातून आलो आहोत हे एका धर्मगुरूने उघडपणे सांगणे हीच त्या कार्याची पहिली पायरी होती. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' उभे केले. अवचटांचे गर्दविषयीचे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेल्या देणगीतून ते साकारले. एका लेखमालेतून एक संस्था जन्मली, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नोंद करावी अशी घटना आहे.

वाङ्मय म्हणून पाहता 'गर्द' आणि 'मुक्तांगणची गोष्ट' या अवचटांच्या पुस्तकांनी 'एकच प्याला'ने न उचललेला धागा उचलला आहे. गडकऱ्यांची भाषा अलंकारांनी ओथंबलेली. अवचटांची जाणूनबुजून निरलंकार. ते अड्ड्यांपर्यंत जातात, बसतात, विचारतात आणि माणसाला बोलू देतात. मुक्तांगणातून बरे झालेलेच पुढे तेथे कार्यकर्ते आणि समुपदेशक होतात, हे त्यांच्या लेखनात सहजपणे येते. त्याचा गाजावाजा नाही. मात्र मर्यादाही सांगितली पाहिजे. अवचट कितीही जवळ गेले तरी ते प्रेमळ साक्षीदारच राहतात. तुषार नातू यांच्या 'नशायात्रे'त प्रथमच सुधाकर स्वतः लेखणी हाती घेतो. तेथे आत्मसमर्थन नाही, आणि आपल्या खोटेपणाचे वर्णन करताना लेखक स्वतःला सूट देत नाही. मराठीत अजून लिहिले गेले नाही ते भगीरथाचे पुस्तक: सुटल्यानंतर रोज दुसऱ्याच्या दारी जाणाऱ्या माणसाचे. आपल्या भाषेने 'तळीराम' हे सामान्यनाम करून घेतले. वृत्तपत्रे ते आजही हसत हसत छापतात. सुटलेल्या माणसासाठी मात्र तिने तसा शब्द घडविला नाही. जे भाषेत नाही ते सहसा समाजाच्या नजरेतही नसते.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन असता तर मी येथेच थांबलो असतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार देशात दारूच्या आधीन झालेल्या अडतीस माणसांपैकी एकालाच कोणता तरी उपचार मिळतो. आमच्या भागात देगलूर, बिलोली, धर्माबाद हे तालुके तेलंगणाला लागून आहेत. त्या पट्ट्यात दारूबरोबर शिंदीही आहे, आणि भेसळीच्या शिंदीतून क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची द्रव्ये पोटात जातात. २०१५ साली तेलंगणात अशा शिंदीवर कडक कारवाई झाली, तेव्हा ती एकाएकी बंद झाल्याने शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. केवळ बंदीने माणूस सुटत नाही.

येथे मला स्वतःविषयी सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यातील एका गावी असताना एक तरुण शेतमजूर पत्नीसह माझ्याकडे आला. मी त्याला वेदीसमोर शपथ दिली. ती मोडली, पुन्हा दिली. तिसऱ्या वेळी तो लाजून आलाच नाही, आणि मीही त्याच्या घरी गेलो नाही. पुढच्या पावसाळ्यात मी त्याला मूठमाती दिली. मी त्याला शपथ दिली, सोबत दिली नाही. रामलालसारखा मीही काठावरच होतो.

आमचे रिक्षाचालक गृहस्थ काय करतात ते मी नंतर लक्षपूर्वक पाहिले. पहाटे ते रेल्वे स्थानकाच्या परिसरात जातात. तेथेच एके काळी ते स्वतः पडून असत. चहा देतात. 'दारू सोड' असे म्हणत नाहीत. 'मी इथेच झोपत होतो' एवढेच सांगतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात. माणूस तयार झाला की आधी सरकारी रुग्णालयात नेतात, कारण जुन्या मद्यप्याने एकाएकी दारू तोडली तर थरथर, झटके, भ्रम होऊन प्राणही जाऊ शकतो. हे काम डॉक्टरांचे आहे हे त्यांना नीट ठाऊक आहे. त्यानंतर रोज दिवेलागणीला, म्हणजे पिण्याच्या वेळेला, फोन. आणि आठवड्याला सभा. घसरला तर रागावणे नाही, पुन्हा पहिला दिवस मोजणे. ते कधीही एकटे जात नाहीत. जुन्या जागेत आपलाही पाय घसरू शकतो, म्हणून दोघे मिळून जातात. प्रभूने शिष्यांना दोघे दोघे करून पाठविले, ते वचन मी अनेक वर्षे वाचले होते. त्याचा हा व्यावहारिक अर्थ मला स्थानकावर कळला.

'एकच प्याला'ची संहिता बदलावी असे मी म्हणत नाही. ती आहे तशीच थोर आहे. परंतु यापुढे ती वाचताना, शिकविताना सिंधूच्या अश्रूंबरोबर सुधाकराचा एकटेपणाही दाखवावा, आणि भगीरथ कोठे आहे हे विद्यार्थ्यांना विचारावे. ज्या नाटकाने शंभर वर्षे मराठी माणसाला दारूचे भय दाखविले, ते सोबतीची गरजही दाखवू शकेल. त्यासाठी लागणारे पात्र गडकऱ्यांनी लिहूनच ठेवले आहे.

आम्ही शेवटचा अंक वाचला त्या संध्याकाळी मागचे बाक रिकामे होते. ते गृहस्थ रुग्णालयात होते. कोणाचा तरी तिसरा दिवस होता.