मुळशी सत्याग्रहाचा इतिहास आणि कुळाचा प्रश्न

मुळशी पेट्यांतील सत्याग्रहास आतां शंभर वर्षें उलटून गेलीं आहेत. या प्रकरणावर जें लिहिलें गेलें आहे त्यांत दोन ग्रंथ अभ्यासकास टाळतां येण्याजोगे नाहींत. एक, सत्याग्रहाचे एक चालक विनायकराव भुस्कुटे यांचा 'मुळशी सत्याग्रह' (१९६८). दुसरा, पुणें विद्यापीठांतील राज्यशास्त्राचे अध्यापक प्रा. राजेंद्र व्होरा यांचा १९९४ सालचा मराठी ग्रंथ, ज्याची इंग्रजी आवृत्ति ग्रंथकर्त्याच्या निधनानंतर २००९ सालीं प्रसिद्ध झाली. पहिला साक्षीदाराचा, दुसरा संशोधकाचा. या दोहोंच्या गुणदोषांची यादी देण्याचा आमचा हेतु नाहीं. 'जान किंवा जमीन' ही या सत्याग्रहाची घोषणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तींतील 'जमीन' कोणाची, एवढ्या एका प्रश्नाच्या अनुरोधानें या इतिहासलेखनाची परीक्षा करावी, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वस्तुस्थिति थोडक्यांत सांगतों. मुळशी हा त्या काळीं हवेली तालुक्यांतील एक पेटा होता. नीला व मुळा या नद्यांच्या संगमापाशीं धरण बांधावें, अडविलेलें पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेस भिरा येथें सोडावें आणि त्यापासून उत्पन्न होणारी वीज मुंबईस न्यावी, अशी टाटांची योजना होती. १९१९ सालीं स्थापन झालेली टाटा पॉवर कंपनी हें काम करणार होती. याच घराण्याचें खोपोलीचें विद्युद्गृह १९१५ पासून चालूं होतें. त्यामुळें योजना नवखी नव्हती व तिच्या यशाविषयीं सरकारास शंकाही नव्हती. बुडणार होतीं तीं पन्नासांवर गांवें. आंबेमोहोर भातासाठीं नांवाजलेल्या खोऱ्यांतील उत्तम खाचरें पाण्याखालीं जाणार होतीं. उरणार होता तो डोंगरउतारावरचा वरकस, ज्यांत नाचणी व वरी यांपलीकडे फारसें कांहीं पिकत नाहीं. कायद्यानें जमीन ताब्यांत येण्यापूर्वींच कंपनीनें चर खणण्यास आरंभ केला, तेव्हां लोक बिथरले. शके १८४३ चैत्र शुद्ध नवमी, म्हणजे १६ एप्रिल १९२१, या रामनवमीच्या दिवशीं सुमारे बाराशें मावळे धरणाच्या जागीं जाऊन बसले व काम थांबलें. पुढें तें पुन्हां सुरू झालें, पुन्हां सत्याग्रह झाला, पुरुषांबरोबर स्त्रियाही तुरुंगांत गेल्या. आणि १९२४ च्या अखेरीस चळवळ संपली. धरण पुरें होऊन १९२७ सालीं भिऱ्याची वीज वाहूं लागली.

भुस्कुटे यांच्या ग्रंथाचें मोल वेगळें सांगावयास नको. ते चळवळीच्या बांधणींत आरंभापासून होते. ज्यांनीं गांवोगांव हिंडून माणसें उभीं केलीं त्यांपैकीं ते एक. अशा माणसानें लिहून ठेविलें नसतें तर पुष्कळ गोष्टी त्याच्याबरोबरच गेल्या असत्या. तथापि साक्षीदाराचा कागद वाचतांना आपण जी सावधगिरी बखरींविषयीं बाळगतों तीच येथेंही पाळली पाहिजे. घटना १९२१ ते १९२४ च्या, ग्रंथ १९६८ चा. मध्यें चव्वेचाळीस वर्षांचें अंतर, आणि त्या अंतरांत स्वराज्य आलेलें. २८ नोव्हेंबर १९६७ रोजीं सेनापति बापटही निवर्तले होते. अशा वेळीं लिहिलेलें वृत्त हें चळवळ चालविणाऱ्याच्या नजरेंतून पाहिलेलें असणार, हा त्याचा दोष नव्हे. ती त्याची जात आहे. दोष असेल तर तो त्या एकाच नजरेवर सर्व इतिहास रचणाऱ्या पुढील लेखकांचा.

प्रा. व्होरा यांनीं ही एक नजर पुरेशी मानिली नाहीं, हा त्यांचा मोठा उपकार. पुण्यांत राहणारे सावकार व जमीनदार आणि मावळांत राबणारीं कुळें यांचे हितसंबंध एक नव्हते, आणि चळवळीच्या अपयशाचें एक प्रमुख कारण या भेदांत आहे, हें त्यांचें प्रतिपादन आम्हांस सर्वथैव ग्राह्य वाटतें. जमिनीचा मालक पुण्यांत, ती कसणारा मुळशींत. मालकास जमीन म्हणजे रक्कम. ती टाटांकडून मिळाली काय किंवा खंडाच्या रूपानें मिळाली काय, हिशेब एकाच वहींत जमा. कसणाऱ्यास मात्र जमीन गेली कीं घर, गोठा, देव व सोयरीक हीं सर्व एकदम गेलीं. म्हणून एकाचा कल भाव वाढवून घेण्याकडे व दुसऱ्याचा जागा न सोडण्याकडे, हें ओघानेंच आलें. पुढाऱ्यांपैकीं कांहीं मंडळी वाजवी मोबदल्यावर समाधान मानावयास तयार झाली, त्याचा उलगडा यावरून होतो. त्यांस दगलबाज म्हणण्याचें कारण नाहीं. पण त्यांचें व कुळांचें एकच मत होतें असेंही यापुढें कोणास म्हणतां येणार नाहीं.

येथें आमच्या विषयाचें मर्म आहे. पुण्याचीं वृत्तपत्रें व वक्ते या शेतकऱ्यांस 'शिवरायांचे मावळे' म्हणून हांक मारीत. शब्द स्फूर्तिदायक खरा. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास तो जपून वापरला पाहिजे. मावळच्या जुन्या कागदपत्रांतून ज्याची थोडी तरी वहिवाट आहे तो जाणतो कीं, 'मावळा' ही जमिनीच्या हक्काची संज्ञा नव्हे. तेथें देशमुख आहेत, पाटील आहेत, मिरासदार आहेत, उपरी आहेत, बलुतेदार व महार वतनदार आहेत. मोसे खोऱ्याचा देशमुख बाजी पासलकर हाही मावळाचाच आणि त्याच्या खोऱ्यांतील उपरी कुणबीही मावळाचाच. पण मिरासदारास जमीन वंशपरंपरा असे व उपऱ्यास ती दुसऱ्याच्या मर्जीनें असे. हा भेद पुसून टाकणारा शब्द सभेंत चालतो, संशोधनांत चालत नाहीं. १९२१ सालीं 'मावळे' या एका नांवाखालीं स्वतःची जमीन कसणारा खातेदार, सावकाराची जमीन खंडानें करणारें कूळ आणि दोघांच्याही शेतावर मजुरीनें जाणारा गडी असे तिघेही येत, आणि सत्याग्रहाचा इतिहास लिहितांना या तिघांस वेगळें करणें हेंच पहिलें काम आहे.

हे तीन थर कसे पडले याचा मागोवा घेतल्यावांचून चित्र पुरें होत नाहीं. इंग्रजी अमलांत रयतवारी आली, सारा रोख रकमेंत भरावा लागूं लागला आणि खातें गहाण टाकणें व विकणें सोपें झालें. कर्जापायीं दक्षिणेंतील शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या नांवावर जाऊं लागली. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें जो दंगा उसळला व ज्यांत कर्जरोखे जाळण्यांत आले, तो याचाच परिणाम; त्यावरून १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांस साहाय्य देणारा कायदा झाला. परंतु त्या कायद्यानेंही गेलेलीं सर्व खातीं परत आलीं नाहींत. सरकारदप्तरीं ज्याचें खातें तोच धनी. औत धरणारा जुना मालक आतां त्याचें कूळ झाला.

१८९४ चा भूसंपादनाचा कायदा या स्थितीवर येऊन बसला. या कायद्याच्या सातव्या भागान्वयें कंपनीसाठींही जमीन घेतां येत असे. काम लोकांस उपयोगी आहे अशी सरकारची खात्री झाली म्हणजे पुरे. बाजारभाव व त्यावर शेंकडा १५ अधिक, असा मोबदला ठरलेला. मोबदला 'हितसंबंधी' इसमांत वांटावयाचा, व वांटणीचा तंटा पडल्यास न्यायालयाकडे पाठवावयाचा, अशीही त्यांत तरतूद होती. कागदावर हें न्याय्य दिसतें. परंतु ज्या कुळास धनी पुढील सालीं काढूं शकतो त्याच्या हिताची किंमत ती कितीशी होणार? मुंबई इलाख्यांत कुळास संरक्षण देणारा पहिला सर्वसाधारण कायदा १९३९ सालीं झाला. १९२१ सालीं मुळशीचें कूळ कायद्याच्या दृष्टीनें बहुतांशीं नव्हतेंच, आणि शेतमजूर तर मुळींच नव्हता. म्हणून 'जमीन नाहीं तर जान' असें म्हणण्यावांचून त्यांस गत्यंतर नव्हतें. कुळाचा हा आग्रह आततायी होता असें म्हणणारांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, तडजोडीच्या मेजावर त्याच्यासाठीं आसनच मांडलेलें नव्हतें.

दुसऱ्या बाजूचें म्हणणेंही दडवूं नये. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. तो दुरून आणावा लागे आणि त्याच्या धुराखालीं शहर कोंडलेलें असे. पाण्यापासून वीज काढणें हा देशी भांडवलाचा स्तुत्य उद्योग होता, व देशाभिमानी माणसास तो प्रिय वाटावा हें स्वाभाविकच होतें. याच पेंचामुळें मुळशीची चळवळ परकी सरकाराविरुद्धच्या इतर चळवळींसारखी सरळ राहिली नाहीं. गांधींनीं एप्रिल १९२१ मध्यें 'यंग इंडिया'त लिहितांना टाटांनीं कायद्याच्या हक्कावर न विसंबतां प्रत्यक्ष लोकांशींच बोलावें, असें सुचविलें होतें. सूचना मोलाची होती. परंतु 'लोक' म्हणजे खातेदार कीं कूळ, हा प्रश्न तिच्यांतही उरतोच.

आतां बापटांविषयीं. पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजीं पारनेर येथें झाला. डेक्कन कॉलेजांतून ते शिष्यवृत्ति मिळवून एडिंबरोस गेले, तेथून क्रांतिकारकांच्या संगतींत पॅरिसला जाऊन बाँब करण्याची विद्या शिकले, आणि स्वदेशीं परतल्यावर कांहीं वर्षें अज्ञातवासांत राहिले. मुळशीनें त्यांस 'सेनापति' ही पदवी दिली व तीन वेळां तुरुंगही दाखविला. शेवटच्या वेळीं, १९२४ च्या अखेरीस, त्यांनीं व थोड्या साथीदारांनीं कामावरचे मजूर नेणारी आगगाडी अडविली व शस्त्र चालविलें. त्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली व १९३१ सालीं ते सुटले. आपल्या मार्गास ते 'शुद्ध सत्याग्रह' म्हणत. हिंसेस त्यांत वाव ठेविल्यामुळें गांधींच्या अनुयायांस तो शुद्ध वाटला नाहीं. पण त्यांचा त्याग व त्यांची निरिच्छता यांवर कोणीही बोट ठेवूं शकला नाहीं.

या थोर चरित्राविषयीं आमचा आक्षेप नाहीं. आक्षेप आहे तो मुळशीचा इतिहास त्या चरित्राचें एक प्रकरण करून टाकण्याच्या प्रघाताविषयीं. चरित्राच्या हिशेबीं मुळशी १९२४ च्या शिक्षेनें संपते. कुळाच्या हिशेबीं ती तेथें सुरू होते: पाणी चढूं लागलें, देव उचलावे लागले, कोणी डोंगराच्या कडेस सरकला, कोणी दुसऱ्या मुलखांत गेला. आणि ती अडविलेली गाडी! तींतले मजूरही पोटासाठींच आलेले होते. त्यांचें या लढ्यांत स्थान कोणतें, हा प्रश्न मावळा व सेनापति या दोनच पात्रांचें नाटक रचणारास सुचत नाहीं. शेतावर राबणाऱ्याच्या हक्कांचा लढा म्हणून मुळशीकडे पाहावयाचें तर तो सुचलाच पाहिजे.

व्होरा यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या नांवांत या सत्याग्रहास जगांतील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलें आहे. हें विशेषण आम्हांस अनावश्यक वाटतें. अमेरिकेंत हेच हेची नामक दरींतील धरणास जॉन म्यूर व त्याच्या मित्रांनीं कसून विरोध केला होता, व तो झुगारून तेथील विधिमंडळानें १९१३ सालीं परवानगी दिली. तो विरोध निसर्गप्रेमी मंडळींचा होता, बुडणाऱ्या शेतकऱ्यांचा नव्हे, हा भेद खरा. मग मुळशीचें वैशिष्ट्य त्या भेदांतच सांगावें. पहिलेपणाचा मान मोठा कीं, ज्यांच्या नांवावर जमीन नव्हती त्यांनीं ती आपली म्हणून सांगितली ही गोष्ट मोठी, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

पुढील संशोधनाची दिशा यावरून स्पष्ट होते. वृत्तपत्रें व आठवणी यांचें काम बरेंचसें झालें. आतां गांववार खातेउतारे, भूसंपादनाचे निवाडे, मोबदल्याच्या वांटणीचे दावे आणि धरणाकांठच्या वाड्यांतून अद्याप म्हटल्या जात असतील त्या ओव्या, हीं साधनें एकत्र केलीं पाहिजेत. कोणत्या गांवीं खातेदार किती, कुळें किती, पैसा कोणाच्या हातीं पडला, आणि महार, कातकरी व धनगर यांच्या वाट्यास काय आलें, हें गांवागणिक सांगतां येईल तेव्हांच 'मावळा' या शब्दाचा पडदा दूर होईल.

या कामाची निकड केवळ विद्वत्तेची नाहीं. १९४८ च्या कुळकायद्यान्वयें १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरला व त्या दिवशीं कसणारीं कुळें जमिनीचीं मालक मानलीं गेलीं. मुळशीच्या खोऱ्यांतील खाचरें तोंपर्यंत तीस वर्षें पाण्याखालीं होतीं. त्यांवरील कुळांस तो दिवस उगवलाच नाहीं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रानें १९७६ सालीं केला, आणि कूळ व शेतमजूर यांचीं कुटुंबें 'बाधित' म्हणून मोजणारा भूसंपादनाचा नवा केंद्रीय कायदा २०१३ सालीं होऊन १ जानेवारी २०१४ पासून अमलांत आला. १९२१ च्या रामनवमीस धरणाच्या जागीं बसलेल्या माणसांनीं जें मागितलें, त्याची कायद्यांत नोंद होण्यास ब्याण्णव वर्षें लागलीं. इतिहासांत तरी त्यांची नोंद त्यांच्या खऱ्या नांवानें, कूळ व मजूर म्हणून, व्हावी एवढेंच आमचें मागणें आहे.